शेजारची खाट

पुंडलिकचं गाव धरमतरच्या खाडीला लागून. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि बांधाच्या आतल्या अंगाला भाताची खारजमीन. त्या वर्षी भाद्रपदातल्या अमावास्येला उधाण मोठं आलं आणि बांधाला खांड पडली. पोटरीत आलेल्या भातात खारं पाणी शिरायला लागलं. अशा वेळी गावात कुणी कुणाला बोलवायला जात नाही. ज्याला दिसेल तो फावडं घेऊन निघतो. पुंडलिकही निघाला. ओहोटी लागेपर्यंत माणसं कमरेएवढ्या चिखलात उभी राहून पेंढा, माती, दगड लोटत होती. तिथंच कधीतरी त्याच्या उजव्या पायात कालवाचं शिंपलं घुसलं.

खाडीत वावरणाऱ्या माणसाला कालव लागणं म्हणजे सांगण्यासारखं काही नव्हतं. घरी येऊन त्यानं पाय धुतला, हळद दाबली, वर फडकं बांधलं आणि जेवून झोपला. त्याची बायको इंदुबाई हिनंही काही विचारलं नाही. तिचं मन बुडालेल्या भातात होतं.

दुसऱ्या दिवशी पाय सुजला. संध्याकाळी अंगात हुडहुडी भरली. इंदुबाईनं तापाची गोळी दिली, गोधडी घातली. सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा पुंडलिक भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"वाफ्यात पाणी सोडलंस काय गो?" त्यानं विचारलं. "आज ऊन चांगलं हाय. मीठ धरंल."

इंदुबाईच्या हातातला कप तसाच राहिला. गावचं मिठागर बंद पडून किती वर्षं झाली होती. लग्न होऊन ती आली तेव्हा तिथं काम चालायचं, मग मालकानं सोडून दिलं आणि आता तिथं नुसती तिवरं माजलेली.

"अवो, काय बोलताय?"

तो तिच्याकडे वळला, पण ती कोण हे त्याला कळल्यासारखं दिसेना. तिनं त्याचा हात धरला. हात गार पडलेला, आणि श्वास मात्र धावून आल्यासारखा चाललेला. फडकं सोडलं तर घोट्यापर्यंत पाय जांभळा पडला होता आणि कातडीवर पाण्याचे फोड उठले होते.

ती तशीच धाकट्या दिराच्या दारात गेली. दत्तात्रेय नागोठण्याकडच्या एका कंपनीत कंत्राटदाराच्या हाताखाली बरीच वर्षं शिफ्टमध्ये राबला होता, आणि आता स्वतःचा टेम्पो चालवायचा. त्यानं भावाला एकदा पाहिलं. टेम्पोच्या हौद्यात गादी टाकली आणि पुंडलिकला उचलून घेतलं.

पेणला बाजारामागच्या गल्लीत एक खाजगी हॉस्पिटल होतं, तिथं त्यांनी त्याला नेलं. गणपती होऊन गेले होते. गल्लीतल्या मूर्तींच्या कारखान्यांत रिकामे साचे एकावर एक रचून ठेवलेले दिसत होते. डॉक्टरांनी पुंडलिकला बाहेर ठेवलंच नाही, सरळ आयसीयूत घेतलं. थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टरीणबाई दाराशी आल्या.

"पायातून जंतू रक्तात गेलेत. बीपी खूप खाली आहे. लघवी होत नाहीये. याला आम्ही सेप्सिस म्हणतो. सेप्टिक शॉक. परिस्थिती गंभीर आहे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही."

"पाय नीट व्हईल ना?" इंदुबाईनं विचारलं.

"पायाचं नंतर बघू, मावशी. आधी माणूस वाचवायचाय."

तोवर इंदुबाईला वाटत होतं की दुखणं पायाला झालंय.

*

आयसीयूच्या दाराबाहेर एक लांब पॅसेज होता. भिंतीला लावून बाकं, आणि बाकं पुरायची नाहीत म्हणून खाली सतरंज्या. आत माणसं होती तेवढ्या माणसांची घरं या पॅसेजमध्ये बसलेली. डबे, पाण्याच्या बाटल्या, चार्जरला लावलेले फोन. कुणी फार बोलत नसे, पण दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम तिकडं वळत.

बाकांपासून लांब, जिन्याजवळ, एक माणूस उकिडवा बसलेला होता. काळा, काटक, पायात चप्पल नाही. त्याच्याजवळ डबा नव्हता, बाटली नव्हती, सोबतीला कुणी नव्हतं. इंदुबाईची लेक मालू वडखळहून भाकऱ्या घेऊन आली, तेव्हा इंदुबाईनं दोन भाकऱ्यांवर सुकट घालून त्याच्यापुढं नेल्या.

"नको बाय," तो म्हणाला.

"खा. आत कोन हाय तुझं?"

"बायको." त्यानं भाकर हातात घेतली. "पारी."

त्याचं नाव दामू. खांबच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची वाडी होती, तिथला. पारीला खोकला झाला होता. भातातलं तण काढायला ती तशीच जात राहिली, भर पावसात, पाठीवर प्लास्टिक बांधून. मग ताप आला. मग एक दिवस तिला उभंच राहता येईना. रोह्याला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि तिथूनच गाडी करून पेणला पाठवलं. पुंडलिकला आणलं त्याच दिवशी.

"काय म्हनतात डॉक्टर?"

दामूनं तोंडातला घास गिळला. "छातीत पाणी झालं म्हणे. आन दुसरं एक नाव सांगितलं." तो आठवायला लागला. "सेप... सेपशी."

इंदुबाई त्याच्याकडे बघत राहिली. आमच्या माणसाला तर पायाला लागलंय, तिच्या मनात आलं, आणि हिला छातीत. मग नाव एकच कसं?

*

हाच प्रश्न दत्तात्रेयला वेगळ्या तऱ्हेनं पडला. तो बाकावर बसून सगळ्यांशी बोलायचा. वडखळच्या एका तरुणाची आई आत होती. तिला म्हणे लघवीच्या जागी जंतू झाले होते, आता सेप्सिस. एका शिक्षकाचे वडील होते, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले, सेप्सिस. पाठीला गळू झालेला एक हॉटेलवाला होता, त्यालाही तेच. दत्तात्रेयनं हे सगळं ऐकलं, आणि दुपारी तो इंदुबाईसमोर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"वयनी, दादाला हितनं हलवायचा. मुंबईला न्यायचा."

"का?"

"का म्हनजे? आत ज्याला त्याला तोच रोग. येतात वेगवेगळं घेऊन आन आत गेलं की सगळ्यांना एकच. हितंच लागतोय तो. एकाचा दुसऱ्याला." मग त्याची नजर जिन्याकडं गेली. "आन दादाच्या शेजारच्या खाटेवर कोन हाय माहीत हाय का तुला? ह्याची बायको. कुठल्या रानातून काय घेऊन आले आन दादाच्या बाजूला टाकले."

तो दामूजवळ गेला. "काय रं, काय झालंय तुझ्या बायकोला? आधी कुनाला झालं, तिला का माझ्या भावाला?"

दामू उठून उभा राहिला. पॅसेजमधली माणसं बघत होती. कुणी दत्तात्रेयला आवरलं नाही, आणि काहींच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांनाही तोच संशय होता.

"भावोजी, गप बसा," इंदुबाई म्हणाली. "तो तुमच्याशी एक शब्द तरी बोललाय का?"

दत्तात्रेय मागं फिरला, पण मुंबईचा हट्ट त्यानं सोडला नाही. त्यानं ओळखीच्या एका माणसाला फोन लावला, अ‍ॅम्ब्युलन्सची चौकशी केली. नवऱ्याला न्यायचं तर सही इंदुबाईची लागणार होती, म्हणून तो पुन्हा तिच्याजवळ येऊन बसला. या वेळी आवाज खाली होता.

"वयनी, माझा एकच भाव हाय. तो हितं गेला तर मी सवताला काय सांगू?"

इंदुबाईला स्वतःलाच भीती वाटत होती. ती उठली आणि पॅसेजमध्ये एकेकाजवळ जाऊन बसली. वडखळच्या मुलाला तिनं विचारलं, तुझ्या आईचं हे कधी सुरू झालं? तो म्हणाला, घरीच ती बरळायला लागली होती, नातवाला ओळखेना, म्हणून तर आणली. शिक्षकाला विचारलं. त्याचे वडील ऑपरेशननंतर बरे होते, घरी गेले होते, मग घरीच थंडी भरली, आणि मुलालाच तू कोण म्हणाले. हॉटेलवाल्याच्या भावानं सांगितलं, दुकानातच गल्ल्यावर बसल्या बसल्या भलतंच बोलायला लागला आणि कोसळला. प्रत्येकाची सुरुवात निराळी, जागा निराळी. पण दाराशी पोचायच्या आधी प्रत्येकाच्या घरच्यांवर एक वेळ अशी आली होती की माणूस समोर आहे आणि तरी तो आपला राहिलेला नाही. मिठाच्या वाफ्यात पाणी सोडलंस का, असं विचारणाऱ्या पुंडलिकचा चेहरा तिला आठवला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा इंदुबाईनं त्यांना सरळच विचारलं. दत्तात्रेय शेजारी उभा होता.

"मॅडम, आत एवढ्यांना एकच रोग कसा?"

डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या. त्या भिंतीला टेकल्या. "मावशी, हा एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग नाही. जंतू कुठूनही शिरतो. कुणाच्या छातीतून, कुणाच्या पोटातून, कुणाच्या जखमेतून. शरीर त्याच्याशी झगडायला लागतं, आणि कधी कधी ते झगडणंच इतकं अनावर होतं की त्यात आपलेच अवयव बंद पडायला लागतात. मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू. सुरुवात कशानंही होवो, त्या टप्प्याला आलं की त्याचं नाव सेप्सिस."

"पन एवढी मानसं?"

"इथंच नाही. मुंबईला जा, पुण्याला जा. आपल्याकडं आयसीयूत जी मोठी माणसं येतात त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना हेच असतं. लोकांना हार्ट अ‍ॅटॅक माहीत असतो, हे नाव माहीत नसतं, एवढंच."

"म्हनजे हितं कुनालाच लागत नाय?" दत्तात्रेयनं विचारलं.

"लागतं. कुणालाच लागत नाही, असं मी म्हणणार नाही. नळ्या असतात, सुया असतात, काहींना आत आल्यावरही होतं. म्हणून तर तुम्हाला हात धुतल्याशिवाय आत सोडत नाही. पण तुमच्या भावाला ते घरून आलंय. आणि आत्ता बीपीचं औषध एक मिनिट बंद केलं तर ते गाडीत टिकणार नाहीत. न्यायचं असेल तर मी अडवू शकत नाही."

त्या आत गेल्या. दत्तात्रेय वहिनीकडं बघत होता.

"नाय न्यायचा," इंदुबाई म्हणाली.

"आन काय झालं तर?"

"तर माझ्या नावावर. मी सांगितलं म्हनून सांगा सगळ्यांना."

दत्तात्रेय तिथून निघून गेला. तो खाली टेम्पोत जाऊन बसला आणि बराच वेळ वर आला नाही.

*

दुसऱ्या दिवशी पुंडलिकला ऑपरेशनला नेलं. काळं पडलेलं सगळं मांस काढावं लागलं, आणि दोन बोटं. घोट्याच्या वर गेलं असतं तर पाय काढावा लागला असता, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. इंदुबाईला काचेतून तो दिसला. तोंडात नळी, गळ्यात नळी, चेहरा सुजून दुसऱ्याच कुणाचा वाटणारा. त्याच्या आणि शेजारच्या खाटेच्या मध्ये हिरवा पडदा होता. पडद्याच्या पलीकडं पारीचे फक्त पाय दिसायचे. बारीक, भेगाळलेले, एका पायात काळा दोरा. पहिल्या दिवशी तिला नुसता मास्क होता. मग तिलाही मशीनवर घेतलं.

दामू आत जायचा आणि लगेच बाहेर यायचा. "बोलवत नाय तिला," एवढंच म्हणायचा. इंदुबाईच्या डब्यातलं तो आता न विचारता घ्यायचा. आपल्या घरच्यांविषयी बोलायचा. ठमी नावाची मोठी मुलगी होती, ती घरी धाकट्यांना सांभाळत होती. पारी झाडावर चढण्यात वाडीत सगळ्यांच्या पुढं. मध काढायची तर तीच वर, आणि हा खाली धूर धरून.

पुंडलिकचं बीपी हळूहळू धरायला लागलं. लघवी सुरू झाली. एका सकाळी डॉक्टरीणबाई हे सांगायला बाहेर आल्या तेव्हा इंदुबाईनं दोन्ही हात जोडले. मग त्यांनी दामूला बाजूला बोलावलं. त्याला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. तो ऐकताना मान हलवत होता, जसं कुणी रस्ता समजावून सांगतंय आणि तो लक्षात ठेवतोय.

पारी त्याच सकाळी गेली.

दामू रडला नाही. तो दाराजवळ उभा राहिला, आणि आता पुढं काय करायचं असतं ते कुणाला विचारावं, हे त्याला कळेना. आत कागद होत होते. वडखळचा मुलगा म्हणाला, अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करू. शिक्षक म्हणाले, कुठल्या तरी योजनेतून गाडी मिळते, विचारायला हवं. दामू सगळ्यांकडं बघत होता.

दत्तात्रेय बाकावर बसला होता. तो उठला. "गाडी हाय," तो म्हणाला. "माझी हाय खाली."

त्यानं खाली जाऊन हौदा धुतला. पुंडलिकला आणलेली गादी तशीच होती. ती काढून त्यानं कुठूनतरी नवी चटई आणून अंथरली. पारीला खाली आणलं तेव्हा स्ट्रेचरचं एक टोक त्यानंच धरलं.

"मी येते," इंदुबाई म्हणाली.

मालू दचकली. "आये, बाबा आत हायत."

"तू हाईस ना हितं? त्याच्यासोबत बाईमानूस कुनी नको का?"

ती मागं हौद्यात बसली, दामूच्या शेजारी. वडखळला गाड्यांची रांग होती. नागोठण्याला अंबा नदी पुलाखालून गढूळ वाहत होती. रस्त्याच्या खड्ड्यांत टेम्पो हादरला की दामू पुढं वाकून पारीच्या डोक्याखाली हात धरायचा. इंदुबाईनं नंतर तिचं डोकंच आपल्या मांडीवर घेतलं. जिचा चेहराही तिनं धड पाहिलेला नव्हता, तिच्या केसांवरून ती खांबपर्यंत हात फिरवत होती.

खांबच्या पुढं डांबरी रस्ता संपला. पुढं ओढा होता आणि टेम्पो जाईना. वाडीतली माणसं धावत आली. दत्तात्रेयनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि पुढचा खांदा त्यानं दिला. ओढ्यात दगड निसरडे होते. एकदा त्याचा तोल गेला, पण त्यानं हात सोडला नाही.

पलीकडं गेल्यावर, पारीला झोपडीपुढं ठेवल्यावर, तो दामूला म्हणाला, "त्या दिवशी मी तुला बोललो."

दामूनं मान हलवली. "तुमचा भाव आत व्हता."

माती होईपर्यंत दत्तात्रेय थांबला. येताना टेम्पोत तो इंदुबाईला म्हणाला, "वयनी, मी दादाला मुंबईच्या गाडीत घातला असता." हायवेवर दिवे लागायला लागले होते. इंदुबाईला त्याचं वाक्य पुरतं कळलं होतं.

*

पुंडलिक घरी आला तेव्हा भात कापून झालं होतं. जेवढं खाऱ्या पाण्यातून वाचलं तेवढं. लोक भेटायला यायचे, वाचलास बाबा, म्हणायचे. पण वाचलेला माणूस लगेच पहिल्यासारखा होत नाही, हे कुणी इंदुबाईला सांगितलं नव्हतं. पुंडलिकला अंगणातून ओटीवर यायला दम लागायचा. डोक्याचे केस मूठमूठ गळाले. माणसांची नावं तोंडात यायची नाहीत. बारीक आवाजाला तो दचकायचा. फोन वाजला की मान फिरवून मशीन शोधायचा.

"तुमाला आतलं काय आठवतं?" इंदुबाईनं एकदा विचारलं.

"काय नाय."

मग एका सकाळी, ओटीवर ऊन खात बसलेला असताना, तो आपणहून बोलला. "माझ्या बाजूला एक बाई व्हती ना गो?"

इंदुबाई तांदूळ निवडत होती. "व्हय."

"ती बोलायची. पडद्याच्या तिकडनं. मी कुठं हाय तेच मला कळत नव्हतं, पन ती बोलायची ते आयकू यायचं. कोंबडी बसलीय म्हनायची. कोंबडी अंड्यांवर बसलीय, टोपली हलवू नका. ठमे, टोपली हलवू नको. पुन्यांदा पुन्यांदा तेच." त्यानं कपाळावर हात फिरवला. "का मलाच भास झाला? मला तर मिठागर पन दिसत व्हतं."

इंदुबाईनं त्याला पारीचं नाव सांगितलं नव्हतं. ठमीचं तर नाहीच. पारी गेली हेही सांगितलं नव्हतं, कारण डॉक्टरांनी मनाला लागेल असं काही सांगू नका म्हणून बजावलं होतं. आता तिनं सगळं सांगितलं. दामू, भाकर, टेम्पो, ओढा.

पुंडलिक सरसावून बसला. "मग त्याला सांगायला पायजे," तो म्हणाला.

"आता? ती जाऊन किती दिस झाले. जखमेची खपली काढल्यासारखं व्हईल."

"त्याच्या बायकोचं बोलनं हाय. माझ्याकडं कशाला ठेवू?"

पण लगेच जाता आलं नाही. तो काठी घेऊन नीट चालायला लागेपर्यंत थंडी पडली. मग एका रविवारी दत्तात्रेयनं त्यांना टेम्पोत घातलं. ओढ्याला आता घोट्याएवढंच पाणी होतं, तरी पुंडलिकला दोन्हीकडून धरून न्यावं लागलं.

दामू घरीच होता. त्यानं खाट बाहेर काढली आणि पुंडलिककडं निरखून बघितलं. हा माणूस त्यानं काचेतून पाहिला होता, उभा असा कधी पाहिला नव्हता. "बरे झाले," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात काही काळंबेरं नव्हतं. ठमी चुलीजवळून उठून आली. अठरा-वीस वर्षांची, आईसारखीच बारीक. तिनं बिनदुधाचा चहा आणून ठेवला.

पुंडलिकला कसं सुरू करावं ते सुचेना. शेवटी तो तसाच बोलला. "मी तेव्हा शुद्धीत नव्हतो. म्हनून खरं का खोटं ते मला सांगता येत नाय. पन मी जे आयकलं ते सांगतो." आणि त्यानं कोंबडीचं सांगितलं.

दामू जमिनीकडं बघत राहिला. ठमीनं तोंडावर हात धरला.

"बसलेली व्हती कोंबडी," दामू सावकाश म्हणाला. "आत कोपऱ्यात. पारीनंच बसवली व्हती." मग थांबून म्हणाला, "तिला आणली त्या दिवशी घरात मानसं झाली. कुनीतरी टोपली बाहेर काढून ठेवली. कोंबडी मग बसलीच नाय. अंडी गेली सगळी."

इंदुबाईला वाटलं, आपण यायलाच नको होतं. पुंडलिकचा चेहराही उतरला. त्यानं काठी हातात घेतली, जणू आता उठायचं.

पण ठमी पुढं येऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "आनखी काय बोलली?"

"येवढंच. तेच तेच."

"परत सांगा. कशी बोलली ते."

पुंडलिकनं पुन्हा सांगितलं. टोपली हलवू नको ठमे.

"ठमे नाय म्हनायची ती," ठमी म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. "ठमूडे म्हनायची. ओढून म्हनायची. ठमूडेऽ, असं. तशी म्हनाली का?"

पुंडलिक तिच्याकडं बघत राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "तसंच. ठमूडेऽ."

ठमीनं मान खाली घातली आणि मोठ्यानं रडली. दामू उठून तिच्याजवळ गेला. पेणच्या त्या पॅसेजमध्ये जो माणूस एकदाही रडला नव्हता, तो मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या उभ्या रडला. इंदुबाईनं त्यांना रडू दिलं. दत्तात्रेय ओढ्याकडं तोंड करून उभा होता.

परतताना दामूनं रानातल्या करांद्याच्या कंदांची पिशवी भरून दिली. ती नको म्हणायची सोयच नव्हती.

टेम्पो हायवेला लागल्यावर इंदुबाईनं नवऱ्याला विचारलं, "खरंच तशीच म्हनत व्हती? ओढून?"

पुंडलिक खिडकीबाहेर बघत होता. नागोठणं मागं गेलं.

"आता तसंच आयकू येतं," तो म्हणाला.